दारिद्र्याची कारणे आणि काम मागण्याचा हक्क



दारिद्र्य या विषयावर बोलावयाचे, तर त्यासाठी दूरच्या एखाद्या खेड्याकडे बोट दाखविण्याची आवश्यकता नाही. महादेवपुऱ्याच्या या सभागृहातून बाहेर पडून पहाटे सहाच्या सुमारास जवळच्या एखाद्या मोठ्या चौकात उभे राहिले, तरी या विषयाचा पहिला पाठ डोळ्यांपुढे येतो. चौकाच्या कडेला पन्नास-शंभर स्त्रीपुरुष उभे असतात. कोणाच्या हाती थापी आणि ओळंबा, कोणाच्या हाती पाटी व फावडे, तर कोणाजवळ केवळ जेवणाचा डबा. एखादा मेस्त्री मोटारसायकलवरून येतो, पाच-सात माणसे निवडतो आणि निघून जातो. नऊ वाजेपर्यंत ज्यांची निवड होत नाही ते परत फिरतात. त्या दिवशी त्यांना काम मिळाले नाही, एवढीच घटना घडलेली असते. घरातील चुलीच्या दृष्टीने ती मोठी घटना होय; परंतु तिची नोंद कोठेही होत नाही. ही नोंद न होणे हाच आजच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

महादेवपुऱ्याची स्थिती एका पिढीत पालटली. शेते, तळी आणि लहान लहान खेडी असलेल्या या भागात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात व्हाइटफील्डचे तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि पाठोपाठ कार्यालयांच्या काचेच्या इमारती आल्या. स्वतंत्र नगरपालिका असलेला हा भाग २००७ साली बंगळूरच्या विस्तारित महानगरपालिकेत विलीन झाला. २०२५ साली त्या महानगरपालिकेचे विभाजन झाल्यावर तो पूर्व महानगरपालिकेत आला. २०२३ साली मेट्रो रेल्वे व्हाइटफील्डपर्यंत पोहोचली. या इमारती आणि या मार्गाचे खांब ज्यांनी उभारले, त्यांतील फार मोठा वर्ग रिकाम्या भूखंडांवर पत्र्याच्या व निळ्या ताडपत्रीच्या झोपड्यांत राहिला. काम संपले की तो तेथून हलला, आणि त्याच्यामागे फक्त इमारत उरली.

हे लोक येतात कोठून? काही पश्चिम बंगाल, ओडिशा, बिहार अशा दूरच्या राज्यांतून येतात. परंतु कित्येक जण याच राज्याच्या उत्तर भागातून, कलबुर्गी, यादगीर आणि रायचूर या जिल्ह्यांतून येतात. मराठी श्रोत्यांना ही नावे परकी वाटू नयेत. कलबुर्गीच्या शिवेपलीकडे सोलापूर आणि धाराशिव हे जिल्हे आहेत. पठार तेच, पर्जन्यछाया तीच, ज्वारी व तूर ही पिकेही तीच. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि कर्नाटकाचा हा भाग हैदराबाद या एकाच राज्यात होता. यास्तव येथील नाक्यावर उभ्या असलेल्या मजुराच्या दारिद्र्याचे मूळ शोधावयाचे, तर त्या एकसंध कोरडवाहू प्रदेशाकडे वळावे लागते. त्या दारिद्र्यावर शासनाने केलेल्या उपायांपैकी सर्वांत धाडसी उपायही त्याच पठारावर, महाराष्ट्रात, जन्मास आला.

कारणांकडे वळण्यापूर्वी मोजमापाविषयी थोडे सांगणे इष्ट होईल. हिंदुस्थानातील माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न किती, हा प्रश्न दादाभाई नौरोजी यांनी एकोणिसाव्या शतकात हाती घेतला. १८६७-६८ सालासाठी त्यांनी हे उत्पन्न दरडोई सुमारे २० रुपये काढले, आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर होणाऱ्या खर्चाशी त्याची तुलना केली. मोकळ्या माणसाच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही, हा त्या तुलनेचा निष्कर्ष होता. पुढे शंभर वर्षांनी, १९७१ साली, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 'भारतातील दारिद्र्य' हा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दररोज २२५० उष्मांक देणारा आहार ज्या खर्चात मिळू शकेल, तो खर्च त्यांनी दारिद्र्याची सीमा मानला. १९६०-६१ च्या किमतींनुसार ही सीमा खेड्यात दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये होती. तिच्या आधारे ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक दरिद्री ठरले. त्यानंतर मोजण्याच्या पद्धती बदलत गेल्या. सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साली देशातील २१.९ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. पोषण, शिक्षण, राहणीमान अशा अनेक अंगांनी मोजणाऱ्या नीती आयोगाच्या निर्देशांकानुसार हे प्रमाण २०१५-१६ मधील २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आले. या दोन मापांची परस्परांशी तुलना करता येत नाही. तथापि दारिद्र्य घटले आहे आणि ते संपलेले नाही, एवढे दोहोंवरून स्पष्ट होते.

आकड्यांवरून दरिद्री किती हे कळते. ते दरिद्री का, हे जाणण्यासाठी वर्षभराचा क्रम पाहावा लागतो. कोरडवाहू गावात पावसाळ्याबरोबर पेरणी येते, पाठोपाठ खुरपणी, मग काढणी आणि मळणी. या दिवसांत मजुराला काम असते. सुगी संपली की जमिनीला माणसाची गरज उरत नाही. मात्र माणसाची भूक जमिनीच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही. बागायत असेल तर दुसरे पीक येते आणि कामाचे दिवस वाढतात. पाणी नसेल तर वर्षाचे कित्येक महिने हात रिकामे राहतात. ज्याला जमीन नाही, किंवा आहे ती दोन-तीन एकर बरड आहे, त्याचे दारिद्र्य मुख्यतः या रिकाम्या महिन्यांत तयार होते. पाऊस हुकला तर सारे वर्षच रिकामे जाते.

रिकाम्या महिन्यांत चूल पेटती ठेवण्यासाठी मनुष्य कर्ज काढतो, आणि येथे दारिद्र्याचे दुसरे कारण उभे राहते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले, आणि तो उठाव पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. सावकाराची वही गेली, तरी कर्जाचा बंध मात्र गेला नाही. त्याने नवे रूप घेतले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर आजही मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतो. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरली जाते, आणि घेतलेली उचल फिटेपर्यंत त्या जोडीला कारखान्याचे शेत सोडता येत नाही. बीडचे कोयते कर्नाटकातील साखर कारखान्यांवरही जातात, आणि कर्नाटकातील मजूर इमारतींच्या कामावर बंगळुरास येतात. बांधकामावर आणणारा मेस्त्रीही पुष्कळदा आगाऊ रक्कम देऊनच माणसे आणतो. जो मनुष्य भावी श्रम आधीच विकून बसला, तो मजुरीच्या दराविषयी घासाघीस कशाच्या बळावर करणार?

तिसरे कारण इतिहासाचे आणि समाजरचनेचे आहे. जमीन कोणाकडे, पाणवठा कोणाचा, शाळेचे दार कोणासाठी उघडे, हे आपल्याकडे शतकानुशतके जातीने ठरविले. विद्येचा अभाव आणि शूद्रातिशूद्रांचे दैन्य यांचा संबंध जोतीराव फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात स्पष्टपणे मांडला होता. प्रदेशाप्रदेशांतील विषमता ही याच कारणाची दुसरी बाजू होय. महाराष्ट्रात दांडेकर यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली प्रादेशिक अनुशेष मोजला. कर्नाटकात डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ साली १७५ पैकी ११४ तालुके मागासलेले ठरविले आणि त्यांतील ३९ तालुके अतिमागास म्हणून वेगळे काढले. हैदराबाद राज्यात असलेले जिल्हे या दोन्ही अहवालांत पिछाडीवर आढळतात. शाळा, कालवे आणि रस्ते जेथे उशिरा पोहोचले, तेथून माणसे लवकर बाहेर पडली.

अशा दारिद्र्याविषयी राज्यकर्त्यांचे कर्तव्य कोणते? १८७६-७८ च्या महादुष्काळात इंग्रज सरकारने खडी फोडण्याची आणि माती खणण्याची कामे काढली. त्यांवरील मजुरी इतकी तुटपुंजी ठेवण्यात आली की, पुण्याच्या सार्वजनिक सभेला तिच्याविरुद्ध आवाज उठवावा लागला. दुष्काळ जाहीर व्हावयाचा तो सरकारच्या मर्जीने, काम सुरू व्हावयाचे ते सरकारच्या मर्जीने, आणि ते बंद व्हावयाचे तेही त्याच मर्जीने, अशी ती व्यवस्था होती. तिच्यात मजूर हा दयेचा विषय होता. पुढील दुष्काळसंहितांनी या व्यवस्थेला नियम घालून दिले, परंतु तिचे हे मूळ स्वरूप पालटले नाही.

ते पालटण्याची वेळ महाराष्ट्रात १९७२ साली आली. लागोपाठच्या अवर्षणांनंतर त्या वर्षी पाऊस जवळजवळ पूर्णच फसला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. परदेशातून आलेला मिलो, कामावर वाटली जाणारी सुकडी आणि रस्त्याकडेला लागलेले खडीचे ढीग त्या पिढीच्या स्मरणातून गेलेले नाहीत. एवढ्या मोठ्या आपत्तीत माणसे उपासमारीने मोठ्या संख्येने दगावली नाहीत, याचे प्रमुख श्रेय या कामांना जाते. मजुरी हातात असली म्हणजे धान्य मनुष्याकडे चालत येते, हे त्या वर्षाने सिद्ध केले.

या अनुभवाला हक्काचे रूप देणारा विचार त्याआधीच जन्मला होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आपल्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील विसापूर येथे, १९६९ च्या सुमारास हा प्रयोग करून पाहिला होता. ग्रामीण भागातील कोणीही प्रौढ व्यक्ती अंगमेहनतीचे काम मागण्यास आली, तर तिला काम देणे हे शासनाचे बंधन असावे, असा तो विचार होता. दांडेकर आणि रथ यांनीही आपल्या अभ्यासाच्या अखेरीस ग्रामीण भागात सार्वजनिक कामांद्वारे रोजगार पुरविण्याचाच मार्ग सुचविला होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या शासनाने ही योजना राज्यासाठी स्वीकारली. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. 'मागेल त्याला काम' हे शब्द तेव्हापासून मराठी माणसाच्या बोलण्यात रूढ झाले.

या कायद्याचे मर्म त्याच्या कार्यपद्धतीत आहे. मजुराने अर्ज करावयाचा, शासनाने त्याची नोंद घ्यावयाची, आणि १५ दिवसांच्या आत काम द्यावयाचे. काम देता आले नाही तर बेकारभत्ता द्यावयाचा. भत्त्याची रक्कम नाममात्र होती. परंतु ती देण्याची पाळी येणे म्हणजे शासनाने आपली चूक कागदावर मान्य करणे होय. जो मजूर पूर्वी निमूटपणे परत फिरत होता, त्याचे परत फिरणे आता तहसीलदाराच्या दप्तरात लिहिले जाणार होते. कोण गरीब आणि कोण नाही, हे ठरविण्याची यातायातही या पद्धतीत उरत नाही. उन्हात माती खणण्याचे काम सधन मनुष्य मागावयास येत नाही. ज्याला गरज आहे तोच येतो. पाझर तलाव, नालाबांध, समपातळी बांध आणि रस्ते अशी कामे निघाली. त्यांवर स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या, कारण काम गावाजवळ होते आणि मजुरीचा दर मोजमापाने ठरत होता. पुरुषाने खणलेल्या मातीला एक दर आणि बाईने खणलेल्या मातीला दुसरा, असा भेद त्यात नव्हता.

पैसा कोठून आला, हेही पाहण्याजोगे आहे. १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसविला, आणि त्याच्या उत्पन्नात शासनाने आपला वाटा घालावा असे ठरले. मोटारींवरील कर, विक्रीकर आणि बागायती जमीन यांवरही अधिभार बसले. व्यवसाय कराचा मोठा भाग मुंबईच्या पगारदारांकडून आणि व्यावसायिकांकडून येत असे. म्हणजे चर्चगेटच्या कार्यालयातील कारकुनाच्या पगारातून कापलेले चार रुपये माणच्या किंवा आष्टीच्या बांधावर मजुरी होऊन पोहोचत होते. महादेवपुऱ्यातील नोकरदारांच्या वेतनपत्रकावरही व्यवसाय कराची छोटी ओळ दरमहा छापलेली असते. महाराष्ट्रात त्या ओळीचा जन्म रोजगार हमीच्या पोटी झाला, हे तेथील पगारदारांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल.

ही योजना निर्दोष होती असे समजण्याचे कारण नाही. हजेरीपत्रकांवर खोटी नावे चढली. मोजमाप घेणारा अधिकारी आठवडेच्या आठवडे आला नाही आणि मजुरी रखडली. काम सुरू होण्यास किमान ५० मजुरांची अट होती, त्यामुळे लहान वस्तीवरील लोकांची मागणी वाऱ्यावर गेली. बांधबंदिस्ती झाली ती जमीनवाल्याच्या शेतात. ज्याने माती वाहिली त्याच्या मालकीचे काहीच झाले नाही. १९९० पासून फळबाग लागवड या योजनेशी जोडण्यात आली, तिचा लाभही ज्याला जमीन आहे त्यालाच झाला. तरीही एक गोष्ट शिल्लक राहते. या दोषांविरुद्ध मजुरांना मोर्चे काढता आले, न्यायालयात जाता आले, कारण त्यांच्या हाती कायदा होता. दया बंद पडली तर तक्रार करता येत नाही. हक्क नाकारला गेला तर करता येते.

त्याच काळात केंद्र शासनाने दुसरा मार्गही चोखाळला. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातील सर्व गटांत लागू झाला. गरीब कुटुंबाला कर्ज आणि अनुदान देऊन म्हैस, शेळ्या, शिलाईयंत्र असे साधन मिळवून द्यावे, म्हणजे ते स्वतःच्या पायावर उभे राहील, ही त्यामागील कल्पना होती. नीळकंठ रथ यांनी १९८५ साली या कार्यक्रमाची परखड चिकित्सा केली. म्हैस देता येते. पण वैरण, पाणी, पशुवैद्य आणि दुधाचा बाजार नसेल तर म्हैस विकली जाते आणि कर्ज मागे राहते. लाभार्थी कोण हे गावातील वजनदार माणसे ठरवितात, त्यामुळे सर्वांत गरीब मनुष्य यादीबाहेर राहतो. पुढे ग्रामीण स्त्रियांच्या बचतगटांनी या मार्गातील काही उणिवा भरून काढल्या. तथापि ज्याच्याजवळ श्रमाखेरीज काही नाही त्याला प्रथम काम हवे, हा रथ यांचा निष्कर्ष टिकून राहिला.

महाराष्ट्राने घालून दिलेला हा कित्ता देशाने गिरविण्यास २००५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. पुढे त्याला महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी त्यात होती. फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत त्याचा आरंभ झाला आणि १ एप्रिल २००८ पासून तो सर्व ग्रामीण जिल्ह्यांस लागू झाला. डिसेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने संमत केला. त्यात दिवसांची संख्या १२५ केली आहे. बहुतेक राज्यांनी खर्चाचा ४० टक्के भार उचलावा, आणि पेरणी-काढणीच्या काळात मिळून ६० दिवस कामे बंद ठेवता यावीत, अशी तरतूद आहे. नव्या कायद्याचे मूल्यमापन काळच करील. त्याची कसोटी मात्र जुनीच राहील: मजुराने काम मागितले असता ती मागणी लिहून घेतली जाते की नाही, आणि ती पुरविण्यास पैसा असतो की नाही.

येथवर ही कथा खेड्याची झाली. आता पुन्हा महादेवपुऱ्याच्या नाक्याकडे वळावयाचे आहे. कलबुर्गीच्या बस स्थानकावर मजूर रात्रीच्या गाडीत चढतो तेव्हा काम मागण्याचा त्याचा हक्क गावातच राहतो. २००५ चा कायदा ग्रामीण होता आणि २०२५ चाही ग्रामीणच आहे. शहराच्या हद्दीत पाय ठेवताच तो कोणत्याही दप्तरात नसलेला मनुष्य बनतो. याचा अर्थ काय होतो, हे २०२० सालाने दोनदा दाखविले. त्या वर्षीच्या जानेवारीत महादेवपुरा भागातील करियम्मन अग्रहार येथे मजुरांच्या झोपड्या पाडण्यात आल्या. ते परदेशी असल्याचा संशय घेतला गेला होता. प्रत्यक्षात त्यांत उत्तर कर्नाटकातील लोकही होते. उच्च न्यायालयाने पुढे त्यांच्या पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. दोन-तीन महिन्यांतच साथीमुळे देशभर टाळेबंदी आली आणि कामे थांबली. परप्रांतीय मजुरांसाठी मे महिन्यात सुटणाऱ्या विशेष गाड्या राज्य शासनाने बांधकाम व्यावसायिकांशी झालेल्या बैठकीनंतर रद्द केल्या, आणि सर्वत्र टीका होताच दोन-तीन दिवसांत पुन्हा मान्य केल्या. जानेवारीत ज्यांना जा म्हटले, त्यांनाच मे महिन्यात जाऊ नका म्हटले. दोन्ही वेळी त्यांना कोणी विचारले नाही. जे गावी पोहोचले त्यांना तेथील रोजगार हमीने आधार दिला. २०२०-२१ या एका वर्षात देशात त्या कायद्याखाली सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झाले, हा आकडा पुरेसा बोलका आहे.

शहरात शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१७ पासून बंगळुरात इंदिरा उपाहारगृहे चालतात. शिधापत्रिका आता देशात कोठेही चालावी, अशी व्यवस्था झाली आहे. कर्नाटकात जून २०२३ पासून स्त्रियांना राज्य परिवहनाच्या साध्या बसने विनामूल्य प्रवास करता येतो. घरकाम करणाऱ्या बाईच्या मिळकतीत त्यामुळे खरी भर पडते. बांधकामाच्या खर्चावर उपकर घेऊन त्यातून मजुरांसाठी कल्याणनिधी उभारण्याची तरतूद १९९६ च्या कायद्याने केली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या श्रमसंहितांतही ती आहे. परंतु या निधीतून साहाय्य मिळण्यासाठी मजुराने वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला आणावा लागतो. रोज नव्या मेस्त्रीबरोबर नव्या इमारतीवर जाणाऱ्या बिगाऱ्याने हा दाखला कोणाकडे मागावयाचा? निधी असतो, कायदा असतो, इमारतही असते. नसते ती फक्त त्याने तेथे काम केल्याची नोंद. ज्या चौकातून तो निघाला, तेथेच ही उणीव उत्पन्न झालेली असते.

तेव्हा पुढील पाऊल कोणत्या दिशेने टाकावे, याचे उत्तर महाराष्ट्राच्या जुन्या कायद्यातच शोधता येते. तो कायदाही केवळ खेड्यापुरता नव्हता. 'क' वर्गातील लहान नगरपालिकांची क्षेत्रे त्याच्या कक्षेत होती. केरळने २०१० च्या सुमारास आणि राजस्थानने २०२२ साली शहरी रोजगार हमीच्या योजना काढल्या. शहरात हमी दिली तर खेडी ओस पडतील, असा एक आक्षेप घेतला जातो. परंतु खेडी ओस पडतात ती तेथे काम नसते म्हणून. ग्रामीण हमी चोख पाळली गेली, तर घर सोडण्याची हौस कोणासही नसते. दुसरा आक्षेप असा की, शहरात अंगमेहनतीचे सार्वजनिक काम आहे कोठे? या प्रश्नाचे उत्तर महादेवपुऱ्याने सप्टेंबर २०२२ मध्ये दिले. त्या पावसात हाच भाग पाण्याखाली गेला आणि कार्यालयात जाणाऱ्यांना ट्रॅक्टरमधून प्रवास करावा लागला. तळ्यांत साचलेला गाळ आणि तळ्यांना जोडणारे बुजलेले नाले हे त्यामागील एक मोठे कारण होते. ज्या मजुरांच्या आईबापांनी पठारावर पाणी अडविण्यासाठी पाझर तलाव खणले, त्यांच्याच मुलांचे हात येथे पाण्याला वाट करून देण्यासाठी हवे आहेत. काम आहे, हात आहेत, आणि वेतनपत्रकावर कराची ओळही आहे. या तिन्हींना एकत्र आणणारी हमी तेवढी नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. हमी दिल्यावर पैसा अपुरा पडला, तर हमीवरचा विश्वासच जातो. यास्तव आरंभ लहान असावा. एका महानगरपालिकेने आपल्या प्रत्येक प्रभाग कार्यालयात काम मागणाऱ्यांची एक नोंदवही ठेवावी. सकाळी नऊ वाजता नाक्यावरून परत फिरणाऱ्या स्त्रीपुरुषांना तीत आपले नाव लिहिता यावे आणि त्याची पोच मिळावी. वर्षभरात त्या वहीत किती नावे येतात, कोणत्या महिन्यांत येतात आणि कोणत्या तालुक्यांतून येतात, हे कळले तरी दारिद्र्याच्या कारणांविषयी पुष्कळ वाद मिटतील आणि उपायांना नेमकी दिशा मिळेल. विसापूरचा प्रयोगही एवढ्याच लहान प्रमाणावर सुरू झाला होता.

दारिद्र्य अनेक कारणांनी येते: पावसाने, कर्जाने, जातीने, आजाराने, शाळेच्या अभावाने. ते दूर करण्याचे उपायही अनेक लागतात, आणि कोणत्याही एका योजनेने ते नाहीसे होईल अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु या सर्व उपायांचा आरंभ एका साध्या कृतीने होतो. गरजू माणसाने शासनाच्या दाराशी येऊन काम मागावे, आणि शासनाने त्याचे नाव लिहून घ्यावे. उद्या पहाटे नाक्यावर पुन्हा तीच माणसे उभी राहतील, आणि नऊ वाजता त्यांतील काही परत फिरतील. ती किती होती, एवढे तरी या शहराला माहीत असावयास हवे.